जेवणाच्या सुट्टीतले वाचक

८ जुलै

मा. उपसंचालक, विद्यार्थी कल्याण विभाग, यांस,

एका घोर अन्यायाकडे शासनाचं लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्या वाचनकक्षातला पाण्याचा कूलर रोज दुपारी आटतो. बाराला भरलेली बाटली उलटी बसवतात आणि एक वाजून दहा मिनिटांनी ती शेवटचा बुडबुडा सोडते. त्यानंतर सव्वीस वर्षं सेवा झालेल्या ग्रंथपालाला, म्हणजे मला, रक्तदाबाची गोळी गिळण्यासाठी दोन जिने चढून प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या फिल्टरपर्यंत जावं लागतं. वर पोचेपर्यंत एक गोळी पुरेनाशी होते. मी कूलरवर पाटी लावली, ‘एका वेळी एकच पेला.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘वेळा किती तेही लिहा.’ अक्षर सुरेख होतं म्हणून पुसलं नाही.

उंट आहेत नुसते. येतात, घटाघटा पितात, पुस्तक उघडतात, पुन्हा पितात.

तू म्हणशील, चार वर्षं तोंड बघितलं नाही आणि आज कूलरसाठी पत्र? कूलरसाठी नाही, तुझ्या सहीसाठी. काल प्राचार्यांनी माझ्या टेबलावर तुमच्या विभागाचं परिपत्रक आणून टाकलं. ‘महाविद्यालयीन विद्यार्थी भोजन साहाय्य निधी.’ खाली सही तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी पानाबाहेर पळणारी. सातवीत असताना माझ्या वहीच्या मागच्या पानावर गिरवत बसायचास ती.

शासन पैसे देणार, कॉलेजने गरजू मुलांना दुपारी एक वेळ जेवू घालायचं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्राचार्य म्हणाले, ‘मॅडम, हे तुम्हीच बघा. मुलं तुमच्याकडेच पडलेली असतात. फार काम नाही यात. आपल्याकडे उपाशी आहे कोण?’

मी म्हटलं, ‘कुणीच नाही.’

आणि ते खरंच आहे. आमची मुलं वेगळी आहेत रे. जेवणाच्या सुट्टीत इतर कॉलेजांची वाचनालयं ओस पडतात, आमचं तुडुंब भरतं. मूल्यांकन समितीवाले ते बघून उभ्या उभ्या थक्क झाले होते. गेल्या महिन्यात मी ‘सर्वोत्तम वाचक’ पुरस्कार सुरू केला. नोंदवहीतल्या वेळा जोडून काढल्या, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पहिली आली. खिडकीजवळ बसते. दुपारची सुट्टी एकदाही चुकवलेली नाही. तिला मानपत्र दिलं, फोटो काढला.

आई गेली त्या दिवशी तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, ‘हिला पुस्तकं दिसतात, माणसं दिसत नाहीत.’ तर कळवते, की माणसंही दिसतात, आणि ती वाचताना दिसतात.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल
(योगायोगाने थोरली बहीण)


२६ जुलै

साहेब,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही हे चांगलंच झालं. तू ते कुणाला वाचून दाखवलं असशील, तर माझ्यावर एक उपकार कर आणि फाडून टाक.

तुमच्या निधीसाठी तीन अर्ज पात्र ठरले. पैकी एकाचे वडील हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि तो मोटरसायकलवरून येतो. पण दाखला आहे, शिक्का आहे, हजेरी ब्याण्णव टक्के आहे. तुमच्या कागदावर तो बिचारा भुकेने व्याकूळ आहे.

तिघांची ताटं कुठे मांडायची ते विचारायला मी कँटीनवाल्या काकूंकडे गेले. काकू कपबश्या पुसत होत्या.

‘तिघंच?’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुमच्याकडे बसतात ते?’

‘माझ्याकडे वाचक बसतात, काकू.’

त्या हसल्या. असं हसल्या की मागचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

‘अहो बाई, जेवणाच्या सुट्टीत भरल्या पोटाचं माणूस वाचायला जातं होय? भरल्या पोटाची इथे येतात, खुर्चीसाठी भांडतात, माझं डोकं खातात. ज्यांच्या खिशात काही नसतं त्यांना इथला वास सोसत नाही. ती जातात तुमच्याकडे. तिथे पंखा आहे, पाणी फुकट आहे, आणि जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही. तुमच्याकडे बोलायला बंदी आहे ना!’

मी तडक ऑफिसात गेले.

मग मी नापास झालेले अर्ज काढले. अडतीस होते. सगळ्यात वरच्या अर्जावरचं अक्षर ओळखीचं निघालं, कूलरवरच्या पाटीखालचं. खिडकीवाली, माझी सर्वोत्तम वाचक.

तिला मागच्या खोलीत बोलावलं. पहाटे चारपासून नऊपर्यंत ती एका पार्सलच्या गोदामात पिनकोडप्रमाणे खोकी लावते. खोलीचं भाडं आणि फी त्यातून निघते, जेवण निघत नाही. कॉलेजचे पहिले दोन तास बुडतात, म्हणून हजेरी अठ्ठावन्न टक्के. तुमची अट ऐंशीची.

‘बक्षीस घेताना सांगितलं का नाहीस?’ मी विचारलं.

‘सांगणार होते मॅडम, पण फोटोवाला घाईत होता.’

‘चेष्टा पुरे.’

‘चेष्टा नाही. हजेरी भरायची तर काम सोडायला हवं. काम सोडलं की दोन्ही वेळचे वांधे. म्हणजे तेव्हा मी एकदम पात्र होते बघा. आत्ता अर्धीच उपाशी आहे, म्हणून बसत नाही नियमात.’

गोदामवाले तिला पूर्णवेळ घ्यायला तयार आहेत, दुपारचं जेवण देऊन. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख पंधरा ऑक्टोबर. ‘तोवर काही झालं तर भरते अर्ज,’ म्हणाली, ‘नाहीतर तिकडे जाते. तिथे पुस्तक उघडून बसायचं नाटक तरी करावं लागणार नाही.’ आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून की काय, ‘तशी वाचली मी बरीच. इलाज नव्हता.’

एका जागेवर बसून ज्याने ही ऐंशी टक्क्यांची अट सुचवली त्याला मी बघितलेलं नाही. पण तो जेवून बसला होता, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पोट भरावं म्हणून पोर तास बुडवतं, आणि तास बुडवलेस म्हणून तुम्ही त्याचं ताट काढून घेता! आणि त्याच्याखाली तुझी सही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते या वयात कळलं. आता गोळीचंही काही चालत नाही.

अडतीस अर्ज सोबत जोडत आहे. दुपारी साडेबारा ते दोनच्या नोंदवहीची नक्कलही. त्या वेळात रोज हजर असणारी एक्केचाळीस नावं आहेत. अडतीस तीच. उरलेल्या तिघांना अर्ज करायचीही लाज वाटली असावी.

ग्रंथपाल


१९ ऑगस्ट

उपसंचालक साहेब,

उत्तर मिळालं. तुझं नाही, तुझ्या कक्ष अधिकाऱ्याचं, अडीच ओळींचं. ‘वाचनकक्षाची नोंदवही ही विद्यार्थ्याच्या भुकेचा ग्राह्य पुरावा मानता येणार नाही.’ मी ते काचेखाली ठेवलंय. येणारा जाणारा वाचतो. हिशेब शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, ‘मग ग्राह्य काय? चक्कर?’ मी म्हटलं, चक्करसुद्धा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर यायला हवी, दोन प्रतींत.

पुढचं ऐक. तिघांच्या जेवणाला निधी खर्च होईना आणि उरला तर परत जाणार, म्हणून प्राचार्यांची धावपळ सुरू झाली. परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे, तुला आठवत असेलच: शिल्लक रक्कम ‘पोषणविषयक जनजागृती’वर खर्च करता येईल. झालं! गेल्या आठवड्यात आमच्याकडे पोषण सप्ताह झाला. फाटकापासून जिन्यापर्यंत फलक. ‘संतुलित आहार, यशाचं द्वार.’ एका आहारतज्ज्ञ बाईंनी पाऊण तास सांगितलं की सकाळची न्याहारी कधीही टाळू नये. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘टाळायला आधी असावी लागते ना?’ प्राचार्यांनी मान वळवून बघितलं, पण रांगच्या रांग निरागस होती.

शेवटी प्रमुख पाहुण्यांसाठी, मान्यवरांसाठी आणि आम्हा कर्मचाऱ्यांसाठी जेवणाची पाकिटं आली. ती वाटायला स्वयंसेवक हवे होते. कोण मोकळं होतं दुपारच्या सुट्टीत? तुझ्या विभागाला सांगायची गरज नाही, पण सांगते. माझे वाचक. खिडकीवालीने माझ्यासमोर पाकीट ठेवलं आणि म्हणाली, ‘सावकाश, मॅडम. गरम आहे.’

नंतर त्या सगळ्यांना सहभागाचं प्रमाणपत्र दिलं.

मी ते पाकीट उघडलं नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. उघडलं. दोन घास खाल्ले. सगळे खात होते आणि मला तिथे तमाशा करायचा धीर झाला नाही. मग पाकीट घेऊन मागच्या खोलीत गेले, तिला बोलावलं. ती म्हणाली, ‘उष्टं नको मॅडम.’ आणि वर हसून, ‘नियमात बसत नाही.’

यात तू म्हणशील माझा काय दोष. बरोबर. तुझा दोष कधीच नसतो, तुझी फक्त सही असते.

आमच्या ग्रंथपालांची एक संघटना आहे. वर्षातून एकदा चहा पितो आणि पुस्तकांच्या वाळवीवर ठराव करतो, इतकी निरुपद्रवी. त्या सगळ्यांना मी पत्रं पाठवली आहेत. एकच विनंती: साडेबारा ते दोनच्या नोंदी वेगळ्या काढा आणि बघा.

मलाही या निमित्ताने स्टोअरमधल्या जुन्या नोंदवह्या काढाव्या लागल्या. लेखापरीक्षणासाठी. धूळ फार होती. बाकी विशेष काही नाही.

ग्रंथपाल


३ सप्टेंबर

बारक्या,

लेखापरीक्षण वगैरे काही नव्हतं.

मागच्या वेळी लिहिताना थाप मारली. कँटीनवाल्या काकूंचं बोलणं ऐकल्यापासून एक किडा डोक्यात वळवळत होता आणि मी त्याच्याकडे कानाडोळा करत होते. शेवटी एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर स्टोअर उघडलं. तू इथेच सेकंड इयरला होतास, ते वर्ष काढलं. मी इथे नवी, सहायक म्हणून लागलेली, काउंटरवर बसायचे.

तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही. सगळीकडे फक्त सही, शेपटीची. आगमन बारा पस्तीस, निर्गमन दोन. जून ते मार्च. एका दिवसाचा खाडा नाही. आणि शेवटचा रकाना, ‘नोंद तपासली’. त्यात रोज माझी सही.

रोज तपासली मी, बारक्या.

त्या वेळात मी कुठे असायचे ते तुला माहीत आहे. मागच्या खोलीत दार लावून डबा खात. दार लावून, कारण वाचनकक्षात खायला मनाई. मी नियमाने जेवत होते, तू नियमाने उपाशी होतास, मध्ये एक दार होतं. डबा धुऊन बाहेर आले की तू पुस्तकात डोकं घातलेला दिसायचास आणि माझी छाती अशी फुगायची! हॉस्टेलच्या रेक्टरना सांगितलं, खोलीतल्या मैत्रिणींना सांगितलं, आईला पत्रात लिहिलं, ‘पोराने अभ्यासापायी तब्येत वाळवली.’

तुझ्या मेसचे पैसे मी दर महिन्याला तुझ्या हातात द्यायचे. बाबांचा छापखाना बंद पडला ते हेच वर्ष. आईकडे दर महिन्याला दोन मनीऑर्डरी यायच्या. एक माझी. दुसरीला ती ‘बाबांचं जुनं येणं’ म्हणायची. बाबांचं आयुष्यात कुणाकडे काही येणं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. विचारलं नाही. न विचारण्यात सोय होती. ती आता नाही, नाहीतर तिच्याशीही भांडले असते.

आता नीट वाच. हे पत्र माफीचं नाही. माफी मागायची ती समोर बसून मागेन, कागदावर मागून तुला फायलीत लावायला देणार नाही. हे पत्र भांडणाचं आहे.

मी आंधळी होते, कबूल. सव्वीस वर्षं आंधळी राहिले आणि वरून त्या आंधळेपणाला बक्षिसं वाटली. पण तू? तू आंधळा नव्हतास. दुपारी साडेबारा ते दोन हा वेळ किती लांब असतो, ते तुझ्या अख्ख्या इमारतीत कुणाला माहीत असेल तर तुला. कूलर कितव्या पेल्यानंतर पोटाला फसवायचं थांबतो हे तुला विचारावं. आणि त्या तुझ्या टेबलावर ऐंशी टक्क्यांचा कागद आला तेव्हा तू पेनाचं टोपण काढलंस. ज्याला दिसत नाही त्याला शिव्या देता येतात. ज्याला दिसतं आणि जो सही करतो, त्याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही. आणि माझ्याकडे सतरा शब्दकोश आहेत.

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलास म्हणून बोलत नाहीस. आता वाटतं, तू साहेब झालास आणि त्या खुर्चीवरच्या मुलाची ओळख द्यायची तुला लाज वाटते.

सोबत गठ्ठा आहे. एकोणीस कॉलेजांच्या ग्रंथपालांनी उत्तर दिलं. सगळीकडे तेच. साडेबारा ते दोन, तीच तीच नावं, रोज. पाण्याची तक्रार अकरा ठिकाणी. ‘उत्तम वाचक’ म्हणून बक्षीस दिलेलं नऊ ठिकाणी. एका ग्रंथपालाने तर अशा मुलांच्या अभ्यासूपणावर निबंध वाचला होता परिषदेत. तो माणूस फोनवर रडला. रड म्हटलं, मग नक्कल काढ आणि पाठव.

तुझ्या नोंदवहीची पानं गठ्ठ्यात सगळ्यात वर आहेत. ती तुझ्या कक्ष अधिकाऱ्याला दाखव आणि त्यालाच विचार, हा पुरावा ग्राह्य आहे का.

दोघं गेली या आठवड्यात. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी. कॉलेज सोडल्याचं कारण, ‘वैयक्तिक’. खिडकीवाली अजून येते. बेचाळीस दिवस उरले आहेत.

ताई


१४ ऑक्टोबर

बारक्या,

सुधारित परिपत्रक परवा सकाळी आलं. ‘उपस्थितीची गणना करताना दुपारच्या सुट्टीतील वाचनकक्षाची नोंद ग्राह्य धरावी. अंमलबजावणी तात्काळ.’ मी ते तीनदा वाचलं, उभी राहून. शासनाची भाषा मला आयुष्यात पहिल्यांदा देखणी वाटली. अट काढून टाकायची हिंमत तुमच्यात नव्हती, म्हणून तिलाच वळसा घातलात. चालेल. मुलांना जेवायचं आहे, तुमचा निबंध तपासायचा नाही.

बारा वाजता काकूंकडे ताटं मांडली. काकूंनी आदल्या दिवशीच भांडी घासून ठेवली होती, ‘येणार येणार म्हणून तुम्ही महिनाभर डोकं खाल्लंत, आता नाही आलं तर मीच वाढते म्हटलं.’ एकोणचाळीस जण जेवले. खिडकीवाली रांगेत शेवटची होती. तिने ताट घेतलं, बसली, खाली मान घालून जेवली, पुन्हा वाढून घेतलं. दुपारी परीक्षेचा अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला, ‘पेन आहे का मॅडम?’ म्हणत. माझ्यासमोर भरला.

ते दोघं परत आलेले नाहीत. मुलाला फोन केला तर म्हणाला, ‘आता जमणार नाही, मॅडम. इथे ॲडव्हान्स घेतलाय.’ मुलीचा फोन लागतच नाही. ही दोन नावं मी तुझ्या खात्यावर लिहितेय, आणि माझ्याही. सुधारित परिपत्रकाने ती खोडली जात नाहीत, हे लक्षात ठेव.

आज वाचनकक्ष दुपारी रिकामा होता. प्राचार्यांनी मला लेखी खुलासा मागितला आहे: ‘वाचनसंस्कृतीची अचानक घसरण का झाली?’ मी एका ओळीत उत्तर दिलं: ‘वाचक जेवायला गेले आहेत.’ ते म्हणाले, हे उद्धट आहे. मी म्हटलं, हो.

परिपत्रकाला टाचलेली तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांनी चार ओळी, काटकसर घराण्यातलीच. ‘ती अट माझी नव्हती, सही माझी होती. तू लिहिलंस ते खरं आहे. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक चावीवाला बसायचा. त्या वर्षी त्याने मला त्याच्या डब्यातलं अर्धं दिलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. अजून असला तर कळव.’

म्हणजे ज्याला दिसलं तो चावीवाला होता. सख्खी बहीण दारापलीकडे होती.

तर कळवते. आहे तो. त्याच गल्लीत, लोखंडी टपरीत, चष्म्याला दोरी बांधून. मी कपाटाची किल्ली पुढे केली, दुसरी करून द्या म्हटलं.

त्याने उलटीपालटी करून बघितली. ‘ही तर ठणठणीत आहे. दुसरी कशाला?’

‘हरवते माझ्याकडून.’

‘चेहऱ्यावरून तसं वाटत नाही,’ तो म्हणाला आणि कानस घासायला लागला.

एक वाजत आला होता. ‘जेवलात?’ मी विचारलं.

‘किल्ली करायला आलात का चौकशीला? जेवू की. अजून एखादं गिऱ्हाईक होऊ दे.’

मी स्टूल ओढलं. त्याच्या फळीवरचा लोखंडाचा कीस हाताने बाजूला केला, कागद पसरला आणि माझा डबा उघडला. तुझं नाव काढलं नाही. अर्धं झाकणात वाढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाकणाकडे. मग कानस खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले.

ताई